कौले की पत्रा?

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. छप्पर पाहावे बदलून, असे मात्र कुणी म्हणून ठेवलेले नाही. ज्यांनी म्हणी केल्या त्यांची घरे बहुधा गळत नसावीत!

आमचे घर दापोली तालुक्यातले. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले. पुण्यात राहून आम्ही त्याला ‘आमचे घर’ म्हणतो आणि ते सांभाळतात मात्र काका-काकू, हे आधीच कबूल करून टाकतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आले, त्या दुपारी पाख्यावरची निम्मी कौले अंगणात येऊन पडली. दोघे म्हातारी माणसे देवघराच्या कोपऱ्यात डोक्यावर घोंगडी घेऊन बसून होती. पुढे नवी कौले चढली. पण वानरांनी त्यांची दरवर्षी चाळण केली. शाकारणीला वर चढणारा आमचा जुना गडी आता गुडघ्यांना तेल चोळतो, आणि त्याचा मुलगा मुंबईला आहे. तेव्हा गेल्या मे महिन्यात आम्ही ठरवले, की पत्रा घालायचा.

काकू म्हणाली, “घाल बाबा. उन्हाळ्यात भाजून निघू, पावसात बहिरे होऊ, आणि वादळात पत्रा शोधत वाडीभर फिरू.”

तिन्ही आक्षेप खरे होते. त्यातला तिसरा तर डोळ्यांदेखत घडलेला. त्याच वादळात शेजारच्या आळीतले एक पत्र्याचे छप्पर लोखंडी सांगाड्यासकट उचलले गेले आणि पोफळींच्या बागेत जाऊन पडले. लोक म्हणाले, पत्रा हलका, म्हणून उडाला. ते खरे, पण अर्धेच. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरते. एका चौरस मीटरला अशी साधारण १५ कौले लागतात, म्हणजे ३५ किलोंहून अधिक भार झाला. अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा तेवढ्याच जागेत जेमतेम ५ किलो भरतो. कौले आपल्या वजनाने बसून राहतात. पत्र्याला धरून ठेवावे लागते. वारा छपरावरून वाहताना त्याला दाबत नाही, वर ओढतो, आणि ही ओढ कडांना, कोपऱ्यांना व आढ्यापाशी सर्वांत जास्त असते. म्हणून तेथे स्क्रू दाट हवेत. पत्रा सांगाड्याला पक्का आणि सांगाडा भिंतीवर नुसता ठेवलेला, असे असेल तर दोघे मिळून उडतात. शेजारी नेमके तेच झाले होते.

‘पत्रा’ हा शब्द ‘पत्र’ म्हणजे पान यावरून आलेला. पूर्वज झावळ्या नि पाने शाकारीत; आपण फिरून पानांकडेच आलो, असे मी वर्गात सांगतो आणि मुले हसतात. पन्हळी पत्र्याचे पेटंट लंडनच्या गोदीतले अभियंते हेन्री पामर यांनी १८२९ साली घेतले. पातळ पत्र्याला पन्हळ दिली की तो वाकत नाही, हे त्यातले मर्म. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्त चढवण्याचे पेटंट घेतले. जस्त स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते. पत्र्याला चरा पडला तरी काही काळ शेजारचे जस्त त्या उघड्या जागेची राखण करते. अलीकडच्या पत्र्यावर नुसते जस्त नसते. ५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त आणि थोडे सिलिकॉन असा मुलामा असतो. तो अधिक टिकतो.

दुकानदार मात्र हे काही सांगत नाही. तो विचारतो, “रंग कुठला?” आपण उलट विचारावे, की पत्र्याची जाडी किती मिलिमीटर, ती रंगासह की रंगाशिवाय, आणि मुलामा चौरस मीटरला किती ग्रॅम? मला दाखवलेल्या पहिल्या पत्र्याचा तिसऱ्या प्रश्नावर मुक्काम हलला. ‘गेज’च्या भाषेत फसू नये; तेथे आकडा मोठा म्हणजे पत्रा पातळ. रंग विचाराल तर फिका घ्यावा, तो ऊन परतवतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचा मोह कुणाला असेल तर त्यांतील ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाला घातक असतात, एवढे पुरे.

बसवताना मी स्टूल टाकून समोर बसलो. मिस्त्री हसले, पण दोनदा उपयोग झाला. एकदा ग्राइंडरने पत्रा कापू लागले तेव्हा. त्या ठिणग्यांचे कण रंगात रुतून बसतात आणि पुढे तेथूनच गंज धरतो. कात्रीने कापायला लावले. दुसऱ्यांदा स्क्रू आवळताना. खालचा रबरी वायसर चपटा होऊन बाहेर आला की तो लवकर फाटतो, आणि सैल राहिला तर आजच गळतो.

पण मुख्य तोड सुतारांनी काढली. “सर, कौले उतरवूच नका. वर वेगळा सांगाडा घ्या.” वासे तपासले, सात किडलेले निघाले, ते बदलले. मग भिंतींवर जस्ती पाइपांचा स्वतंत्र सांगाडा उभा केला, तो लांब बोल्टांनी भिंतीत खाली खोल धरला, आणि कौलांच्या वर वीतभर पोकळी सोडून पत्रा घातला. पोकळीची तोंडे उंदीर-सापांसाठी जाळीने बंद केली. हवा मात्र खेळती ठेवली. तापलेली हवा पोकळीतून निघून जाते, आणि पावसाचा आवाज कौले अडवतात. खर्चाचा आकडा मी घरात अजून सांगितलेला नाही.

जूनच्या पहिल्या पावसात काकूचा फोन आला.

“गळत नाही रे. आवाजही लांबून येतो, दुसऱ्याच्या घरावर पडल्यासारखा.”

“मग?”

“पडवीत बसले होते. पागोळ्या कुठे गेल्या?”

पाणी टाकीत जावे म्हणून मीच चारही बाजूंना पन्हळ लावून घेतली होती. पडवीपुरती ती काढून टाकायला मी गणपतीत गेलो.