कानपूरच्या भंगारातील लिबरेटर

नार्वेकरांना जीर्णोद्धार म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगिजांनी पाडल्यावर देव नदी ओलांडून आपल्या गावी आला आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. आम्हा जैनांतही नवे मंदिर बांधण्यापेक्षा जुने सावरण्याचे पुण्य मोठे मानतात. आज बोलायचे आहे ते मात्र विमानांच्या जीर्णोद्धाराबद्दल. युद्धात वापरून टाकून दिलेली विमाने पुन्हा उभी करण्याचा छंद पाश्चात्त्यांचा, अशी आपली समजूत असते. या कामाचे एक मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ब्रिटिशांना लिबरेटर नावाची चार इंजिनांची बाँबफेकी विमाने दिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख 110 फूट. युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा निकामी करायची, असा करार होता. ब्रिटिशांनी ती कानपूरच्या तळावर गोळा केली, आतली उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू घातली आणि ते निघून गेले. थोडक्यात, मृत्यूचा दाखला लिहून दिला.

1948 साली काश्मीरचे युद्ध चालू असताना आपल्या हवाई दलाला जड बाँबफेकी विमाने हवी होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचे कारागीर कानपूरला गेले. एकाची शेपटी, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याची चाके असे जुळवत त्यांनी एकेक विमान जेमतेम उडण्याजोगे केले. जिमी मुन्शी नावाच्या चाचणी वैमानिकाने ती बंगळूरला उडवत नेली आणि तिथे पुरती दुरुस्ती झाली. अशी सुमारे चाळीस विमाने उभी राहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांच्यावर 5 क्रमांकाची स्क्वाड्रन सुरू झाली. पुढे पुण्याच्या 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनने त्यांतून समुद्रावर टेहळणी केली.

हे जमले कसे? हा कारखाना 1940 साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने काढला होता. (ते जैन होते, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.) युद्धकाळात तिथे अमेरिकन विमानांची दुरुस्ती चाले, त्यामुळे कारागिरांचे हात आधीच तयार होते. हात तयार नसते तर कानपूरचा ढीग भंगारवाल्याकडेच गेला असता.

लिबरेटर आपल्याकडे 1968 अखेरपर्यंत उडाले. अमेरिकेने ही विमाने 18 हजारांहून अधिक बांधली होती, पण युद्धानंतर बहुतेक वितळवून टाकली. म्हणून संग्रहालयांना लिबरेटर हवे झाले तेव्हा त्यांना भारताकडे यावे लागले. कॅनडातील ओटावा, ब्रिटनचे रॉयल एअर फोर्स म्युझियम, अमेरिकेतील टूसाँ येथील पिमा संग्रहालय या ठिकाणची लिबरेटर आपल्याकडून गेलेली आहेत. एक दिल्लीत पालमला आहे. मॅसॅच्युसेट्सच्या कॉलिंग्ज फाउंडेशनने घेतलेले तर 1989 मध्ये पुन्हा उडाले. तिथल्या प्रेक्षकांपैकी कितीजणांना कानपूर ठाऊक असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

विमानाचा खरा शत्रू गंज. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियममध्ये तांबे मिसळून केलेला असतो. तांब्याने बळ येते, पण खारी हवा त्याला लवकर बाधते. पोलादी बोल्ट त्याला टेकला आणि मध्ये खारट ओल साचली, की बॅटरीत जस्त झिजते तसे ॲल्युमिनियम झिजू लागते. वरचा रंग शाबूत दिसतो, आत पत्र्याचे पापुद्रे सुटतात. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक रोग्यांचे असेच असते.

आपल्या गोव्यात दाभोळीच्या नौदल विमान संग्रहालयात एक सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. आधी एअर इंडियाचे, मग हवाई दलाचे, शेवटी नौदलाचे. ते उघड्यावर आहे आणि समुद्र जवळ आहे. नातवंडांना घेऊन जाल तेव्हा पोटाखाली वाकून रिव्हेटांच्या रांगा पाहा. रंगाला बारीक फोड दिसले, तर आतला धातू सुटू लागला असे समजावे.