मोबाइल मुका झाला, तर निरोप कोण नेणार?



२२ जुलै २०२३. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या बायकांना ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी पाऊस कोसळला, नदी-नाले गावांत शिरले, रस्ते तुटले, शेतं खरडून गेली. त्या दिवशी आम्हा गट समन्वयकांच्या हातात एकच साधन होतं, ते म्हणजे मोबाइल. ‘सगळ्या सुखरूप आहात का?’ असा मेसेज आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. त्यापुढे एकच खूण दिसत राहिली. दुसरी काही उमटेना.

दुपारी तिसऱ्याच्या तोंडून चौथ्याकडे असं करत एक निरोप आला, ‘पिंपळगावात पाणी शिरलंय, बायका शाळेत बसल्यात.’ आता सांगा, कोणतं पिंपळगाव? आपल्या एका जिल्ह्यात पिंपळगाव राजा आहे, पिंपळगाव काळे आहे, पिंपळगाव सराई आहे, पिंपळगाव देवी आहे. आम्ही तिघी वेगवेगळ्या गावांना फोन लावत बसलो. निरोप खरा होता, पण गाव कोणतं हे कळेपर्यंत संध्याकाळ झाली. बायका सुखरूप राहिल्या त्या त्यांच्या नशिबानं, आमच्या हुशारीनं नाही.

त्यानंतर आम्ही विचारपूस करू लागलो की असं झालं तर दुसरं काय करता येतं. तेव्हा हौशी रेडिओची, म्हणजे लोक ज्याला हॅम रेडिओ म्हणतात त्याची, ओळख झाली. आजचं बोलणं त्याबद्दल.

आधी एक घोटाळा दूर करू. आता तुम्ही ऐकताय तो सामुदायिक रेडिओ. इथून आम्ही बोलतो आणि तुम्ही ऐकता. तुम्हाला उलट बोलता येत नाही (आणि हप्त्याचा विषय निघाला की आम्हाला ते बरंच वाटतं). हौशी रेडिओत दोन्हीकडे माणूस असतो. दोघांकडे बोलण्याचा आणि ऐकण्याचा संच असतो. एक बोलून थांबतो, मग दुसरा बोलतो. पोलिसांच्या गाडीत बिनतारी संच असतो ना, साधारण तसाच. फरक असा की पोलीस नोकरी म्हणून बोलतात, आणि हे लोक परीक्षा देऊन, सरकारचा परवाना काढून, स्वतःच्या पैशानं, हौसेनं बोलतात. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, रेल्वेतून निवृत्त झालेले, कॉलेजची मुलं, असे सगळे त्यात असतात. चार-दहा जण एकत्र आले की त्यांचा क्लब होतो.

मोबाइल बंद पडतो तेव्हा हा संच कसा चालतो? आपण शेजारच्या गावातल्या बहिणीला फोन लावतो तेव्हा आवाज थेट तिच्याकडे जात नाही. तो आधी टॉवरवर जातो, तिथून तारेनं किंवा दुसऱ्या टॉवरवरून पुढे मोठ्या यंत्रणेत जातो, आणि फिरून तिच्या टॉवरवर येतो. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल, आणि रस्ता तुटला की डिझेल येणार कुठून? मधली एक कडी तुटली तरी सगळं गप्प. हौशी रेडिओत मध्ये कोणी नसलं तरी चालतं. या अँटेनातून निघालेली लहर त्या अँटेनात जाते. गाडीची बारा व्होल्टची बॅटरी पुरते, सोलरवर ती पुन्हा भरता येते.

हे संच दोन तऱ्हेचे असतात. हातात धरायचा छोटा संच सपाट जमिनीवर चार-पाच किलोमीटर नेतो, मध्ये टेकडी आली की अडतो. म्हणून क्लबची मंडळी उंच जागी एक यंत्र बसवतात. ते खालचा आवाज पकडतं आणि जोर देऊन पुन्हा फेकतं. त्याला रिपीटर म्हणतात. आपल्याकडे घाटावरचे आणि घाटाखालचे तालुके आहेत, तेव्हा घाटमाथ्याला असलं यंत्र बसवण्याचं मोल तुमच्या लगेच ध्यानात येईल.

दुसरा संच टेबलावर ठेवायचा. त्याची लहर वर आभाळात जाते, पृथ्वीपासून शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवरच्या थरावर आपटते आणि परत खाली येते. ज्या घरांत आजीनं रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकली आहे, त्या घरांना हे वेगळं सांगायला नको. ते केंद्र होतं कोलंबोला, समुद्रापलीकडे, आणि गाणी वाजायची विदर्भातल्या ओसरीवर. ती याच वाटेनं यायची. हौशी लोक दोन कडुनिंबांच्या मध्ये सुमारे वीस मीटर तार बांधतात आणि जुन्या पिवळ्या शंभराच्या बल्बाइतक्या ताकदीवर इथून मुंबई-हैदराबादशी बोलतात. वेळ आणि हवामान साधलं तर परदेशाशीसुद्धा. इस्रोनं २००५ साली हॅमसॅट नावाचा एक छोटा उपग्रहच या लोकांसाठी सोडला होता.

मग क्लब रोज करतो काय? वरवर बघितलं तर रिकामटेकडेपणा वाटेल. ठरलेल्या वेळी सगळे एका ठरलेल्या जागी, म्हणजे रेडिओच्या काट्यावरच्या एका ठरलेल्या आकड्यावर, जमतात. एक जण हजेरी घेतो. प्रत्येकाला सरकारनं दिलेलं ओळखचिन्ह असतं, भारतात त्याची सुरुवात बहुतेक वेळा ‘व्ही यू’ अशी होते. ज्यानं त्यानं आपलं चिन्ह सांगायचं, आवाज किती स्पष्ट येतोय ते सांगायचं, तिकडे पाऊस आहे का ते सांगायचं. याला ते ‘नेट’ म्हणतात. कधी कोणी एक जण संच लपवून ठेवतो आणि बाकीचे अँटेना फिरवत त्याचा माग काढतात. कधी टेकडीवर जाऊन, विजेशिवाय, तासाभरात केंद्र उभं करायची तालीम करतात. आमच्या एका ताईनं विचारलं, ‘म्हणजे रोज एकमेकांना ऐकू येतंय का एवढंच विचारतात?’ हो, एवढंच. आपणही बैठकीत दर वेळी हजेरी घेतो, पन्नास रुपये असले तरी वहीत लिहितो. कर्जाची वेळ येते तेव्हा ती वहीच कामाला येते.

आता संकटातलं काम. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती बोळवून दमलेली माणसं झोपेत होती. सुमारे दहा हजार लोक गेले. तेव्हा आपल्या देशात मोबाइल आलेलाच नव्हता, आणि दूरदूरचे नातेवाईक आपलं माणूस आहे की गेलं या एका शब्दासाठी तळमळत होते. त्या आपत्तीत हौशी रेडिओवाल्यांनी संच लावून निरोप पोचवण्याचं काम केलं. पुढे १९९९ चं ओडिशातलं चक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप, या दोन्ही वेळी तेच.

पण आमच्या मनात घर करून राहिली ती भारती प्रसाद यांची हकिगत. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचं पथक अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेलं होतं. भारतीताई त्यात पुढे होत्या. त्या बेटांवर अनेक वर्षं हौशी रेडिओला परवानगी नव्हती, ती खटपटीनं मिळवलेली होती. तिथून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचं, हा त्यांचा बेत. नुसती हौसच म्हणा. २६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमाराला जमीन हादरली आणि मागून त्सुनामी आली. बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. भारतीताईंनी हौसेचं काम तिथल्या तिथे बंद केलं आणि तोच संच प्रशासनाच्या कामाला लावला. पथकातली माणसं कार निकोबार बेटावर गेली, कारण तिथली अवस्था फार वाईट होती. तिथून पोर्ट ब्लेअरला आणि पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीवर निरोप जाऊ लागले. अमुक जिवंत आहे, तमुक सापडला, औषध हवं, पाणी हवं. मुख्य भूमीवरचे हौशी लोक ते निरोप उतरवून घेत आणि घरच्यांना कळवत. किती आयांनी त्या निरोपावर सुटकेचा श्वास सोडला असेल, याचा विचार करा.

एक गंमत सांगतो. हौशी रेडिओच्या बोलीत बाई वीस वर्षांची असो की सत्तरची, तिला इंग्रजीत ‘यंग लेडी’ याच अर्थाच्या दोन अक्षरांनी ओळखतात. आमच्या गटातल्या आजींना हे फारच आवडलं.

दुसरं काम पुराचं नाही, जत्रेचं आहे. पश्चिम बंगालमध्ये मकर संक्रांतीला गंगासागरची यात्रा भरते. माणसांचा समुद्रच. म्हातारी माणसं चुकतात, भाषा येत नाही, कुणाला तर मुद्दाम सोडून दिलेलं असतं. तिथला वेस्ट बंगाल रेडिओ क्लब अशा चुकलेल्यांना घरी पोचवण्याचं काम करतो. त्यांची रीत ऐका. माणसाजवळ बसायचं, त्याच्या तोंडून येणारा एखादा शब्द धरायचा. गावचं देऊळ, नदी, नवऱ्याचं नाव, काहीही. बोलीवरून प्रांत ओळखायचा आणि त्या प्रांतातल्या हौशी मंडळींना कळवायचं. ते गावात जाऊन घर शोधतात. आता यात फोटो आणि फोनही वापरतात, सगळं रेडिओवरच होतं असं नाही. पण गावोगाव ओळखीची माणसं आहेत, ती रेडिओमुळे जोडलेली.

हे ऐकताना आम्हाला आपली शेगाव आणि सैलानी आठवली. शेगावला प्रकटदिनाला, ऋषिपंचमीला किती गर्दी होते ते तुम्ही बघता. होळीच्या सुमारास सैलानीला लोक मनानं आजारी माणसांना घेऊन येतात. त्या गर्दीत एखादी बाई चुकली तर ती आपलं गाव सांगू शकेल का? आणि सांगितलंच, तर ऐकणारा ‘कोणतं पिंपळगाव’ असं विचारेल का?

इथंच क्लबाकडून घेण्यासारखी मोठी गोष्ट आहे, आणि तिला संच लागत नाही की परवाना. ती म्हणजे निरोप देण्याची शिस्त. हौशी माणूस निरोप लिहून घेतो. कोण बोलतंय, कुठून, गाव-तालुका दोन्ही, वेळ काय, किती माणसं, काय हवं. मग घेणारा तो जसाच्या तसा वाचून दाखवतो, देणारा ‘बरोबर’ म्हणतो, तेव्हाच निरोप पोचला असं धरतात. अक्षर नीट कळलं नाही तर शब्दानं सांगतात, अ म्हणजे अल्फा, ब म्हणजे ब्राव्हो. आपण मराठीत कमळाचा क, खटाऱ्याचा ख म्हणूच शकतो. आम्ही आता गटाच्या वहीचं शेवटचं पान याला ठेवलंय. पावसाळ्याच्या आधी एकदा बैठकीत तालीम करतो. पहिल्या तालमीत ‘सात बायका, दोन बाळंतिणी’ हा निरोप पाचव्या बाईपर्यंत ‘सात बाळंतिणी’ झाला होता! हसून पोट दुखलं, पण नंतर सगळ्या गप्प झाल्या.

परवाना कोणाला मिळतो? वय किमान बारा वर्षं. केंद्राच्या दळणवळण मंत्रालयाकडून परीक्षा होते. विजेची आणि रेडिओची साधी माहिती आणि नियम, एवढ्यावर प्रश्न. दोन वर्ग आहेत. खालच्या वर्गाला टिंब-रेघेची मोर्स भाषा लागत नाही, वरच्याला लागते. दहावीचं विज्ञान नीट केलेल्या मुलीला हे जड नाही. मोठ्या शहरांतले क्लब शिकवण्या घेतात, मुंबईत मुंबई अमॅच्युअर रेडिओ सोसायटी आहे.

आणि एक ताकीद. बाजारात, ऑनलाइन, स्वस्तात हातातले संच मिळतात. परवान्याशिवाय त्यावर बोलणं गुन्हा आहे. मुलानं हौसेनं मागवला तर आधी हे सांगा. परवाना मिळाला तरी त्यावर धंदा, राजकारण, गाणी यांना बंदी आहे. म्हणजे आपल्या पापडाचा भाव त्यावर सांगता येणार नाही, त्यासाठी बाजारच बरा. आणि संच आला म्हणून १०८, ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हे नंबर विसरायचे नाहीत. फोन चालतोय तोवर फोनच आधी.

आमच्या प्रभागात ठरलंय ते असं, नदीपलीकडच्या गावांतून निदान एकेक मुलगी या परीक्षेला बसवायची. तिघींची नावं आली आहेत. एकीच्या वडिलांनी विचारलं, ‘यातून नोकरी लागेल का?’ आम्ही सरळ सांगितलं, लागेलच असं नाही. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘त्या दिवशी माझी बहीण पलीकडच्या गावात होती. बसू द्या तिला.’

तुमच्या गावात विज्ञानाचे मास्तर असतील, आयटीआय केलेली पोरं असतील, लष्करातून सिग्नलचं काम करून परतलेला कोणी असेल. त्यांना बैठकीला बोलवा. आणि पुढच्या बैठकीत निरोपाची तालीम घ्याल तेव्हा शेवटच्या बाईपर्यंत काय पोचलं, ते आम्हाला केंद्राच्या पत्त्यावर लिहून कळवा. गावाबरोबर तालुकाही लिहा.