सोळा वर्षांचा स्टीफन

आमच्या बेटावर आपली मुले कॅथलिक मुलांच्या शेजारी एकाच बाकावर बसतात. त्या मुलांच्या मनातली एक झुंज समजून घ्यायची तर जेम्स जॉईस यांची १९१६ साली प्रसिद्ध झालेली 'ए पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन' ही कादंबरी वाचावी, असे आम्हांला वाटते.

स्टीफन डब्लिनच्या जेझुइट शाळेत शिकतो. मारियामातेच्या भक्तमंडळाचा तो प्रमुख, आणि रात्री वेश्यावस्तीत जाणारा! शाळेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावे चिंतन-शिबिर भरते. (हे तेच संत, ज्यांचा देह जुन्या गोव्यात आहे.) तेथे पाद्री नरकाचे असे वर्णन करतात, अंधार, दुर्गंधी, न संपणारी आग, की पोराला स्वतःच्या खोलीत शिरायचीही भीती वाटते. शाळेतल्या पाद्र्यांपुढे तोंड उघडायला लाज; म्हणून तो अनोळखी चर्चमध्ये जातो. कबुली ऐकणारा थकलेला, वृद्ध कापुचिन साधू वय विचारतो. सोळा. तो गरजत नाही, मायेने समजावतो. साऱ्या पुस्तकात मुलाला ओळखले ते यानेच, असे आमचे मत. आपल्या घरांत तर असा विषय निघाला की सारे गप्प, आणि आपल्या मुलांना कबुलीची खिडकीही नाही.

मग स्टीफन कडक व्रते करतो, बायकांकडे नजर वर करीत नाही. पाद्री होशील का, अशी विचारणा होते. त्याचे मन मागे फिरते. पुढे समुद्रकाठी पाण्यात उभी असलेली एक मुलगी दिसते. दोघे एक शब्दही बोलत नाहीत. या वेळी मात्र तो नजर खाली घालीत नाही.