घरचा अभ्यास आणि पालकांची भूमिका

कम्युनिटी कॉलेजात येणारे अनेक प्रौढ विद्यार्थी स्वतः पालक असतात. मुलाच्या शाळेचे माध्यम कन्नड, उर्दू किंवा इंग्रजी आणि घरची बोली वेगळी असली, की ‘आपल्याला शिकवता येत नाही’ असे समजून ते त्याच्या अभ्यासापासून दूर राहतात. वास्तविक परीक्षेच्या तयारीत पालकाने शिकवण्यापेक्षा विचारणे अधिक उपयोगी ठरते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर व कार्पिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर दुसरा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातील ८१ टक्के, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्यातील ७५ टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र हेच प्रमाण अनुक्रमे ४२ व ५६ टक्के होते. पुन्हा वाचल्याने पाठ झाल्यासारखे वाटते. पण जे आठवून काढावे लागते, ते अधिक टिकते.

म्हणून पालकांनी मुलाला पुस्तक मिटून धडा घरच्या भाषेत सांगायला लावावे. अडल्यास त्यानेच पुस्तक उघडून तपासावे. दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारावे. उत्तर चुकल्यास रागावू नये. अभ्यास कुठे कमी पडला हे चुकीवरूनच कळते. परीक्षा शाळेच्या भाषेत असल्याने शेवटी उत्तर त्या भाषेत लिहून घ्यावे.

शिक्षकांनी ही पद्धत आधी आपल्या वर्गातील प्रौढांकडून करून घ्यावी. स्वतः अनुभवलेली पद्धत पालक घरी आत्मविश्वासाने वापरू शकतील.