जोना लोमू : एका व्यावसायिक रग्बीपटूचा जीवनक्रम

रग्बी हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. तथापि इंग्लंड व स्कॉटलंड यांचे संघ दरवर्षी ज्या चषकासाठी झुंजतात, त्याचे नाव 'कलकत्ता चषक' असे आहे. कलकत्त्यातील एका रग्बी मंडळाने 1878 साली आपल्या शिलकेतील चांदीचे रुपये वितळवून तो घडविला. खेळातला पैसा खेळाडूच्या हाती जाऊ नये, असा या खेळाचा पुढे शतकाहून अधिक काळ दंडक होता. शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, पोलीस असे लोक आपापले काम सांभाळून खेळत. हा दंडक 1995 साली सुटला, आणि त्याच वर्षी जोना लोमू हे नाव जगाला ठाऊक झाले.

रग्बीत प्रत्येक बाजूस 15 खेळाडू असतात. लांबट चेंडू हाती घेऊन धावता येते. मात्र हाताने तो पुढे फेकता येत नाही, मागे किंवा बाजूसच द्यावा लागतो. हुतूतूत पकड करतात, तशी चेंडू नेणाऱ्या गड्याची पकड करून त्यास खाली पाडता येते. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला, की 'ट्राय' होतो व 5 गुण मिळतात.

लोमूचा जन्म 12 मे 1975 रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे, टोंगा बेटांवरून आलेल्या कुटुंबात झाला. वयाच्या अवघ्या 19 व्या वर्षी तो राष्ट्रीय संघात आला. मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू सामान्यतः सडपातळ असे. लोमूची उंची मात्र 6 फूट 5 इंच व वजन सुमारे 119 किलो होते, आणि तरीही त्याचा वेग विलक्षण होता. 1995 च्या विश्वचषकात, केप टाऊन येथील उपांत्य सामन्यात, त्याने इंग्लंडविरुद्ध 4 ट्राय केले. पहिल्या वेळी वाट अडविण्यास उभा राहिलेला माइक कॅट याला तुडवूनच तो पुढे गेला. अंतिम सामन्यात मात्र दक्षिण आफ्रिकेने त्याला रोखले व 15-12 असा विजय मिळविला.

या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांनी 10 वर्षांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा 55 कोटी डॉलरचा करार जाहीर केला. ऑगस्टमध्ये पॅरिस येथे खेळाडूंना वेतन घेण्याची मुभा मिळाली. रग्बी हा आता चरितार्थाचा व्यवसाय झाला. परंतु या व्यवसायाचे भांडवल म्हणजे खेळाडूचे शरीर. पस्तिशीच्या आसपास ते बहुधा थकते. एखादी दुखापत त्याआधीच सारे संपविते.

लोमूच्या बाबतीत घाव आतून बसला. 1995 च्या अखेरीस त्याला मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्याचे निष्पन्न झाले. या विकारात रक्तातील प्रथिने लघवीवाटे निघून जातात, अंगास सूज येते व थकवा ग्रासतो. औषधोपचार चालू असतानाही तो खेळत राहिला. 1999 च्या विश्वचषकात त्याने 8 ट्राय केले. एकूण 63 कसोटी सामन्यांत त्याचे 37 ट्राय झाले.

2002 साली तो शेवटचा कसोटी सामना खेळला. पुढल्या वर्षी यंत्राद्वारे रक्तशुद्धी करून घेण्याची वेळ आली. ज्याला चार-चार गडी अडवू शकत नसत, त्याला आता चालणेही जड जाऊ लागले. 2004 साली ग्रँट केरेआमा या नभोवाणी निवेदकाने आपले एक मूत्रपिंड त्याला दिले. त्या आधारावर लोमू 2005 साली वेल्समधील कार्डिफच्या संघातून पुन्हा मैदानात उतरला. पूर्वीचा वेग परत आला नाही, हे त्यालाही दिसत असणार. तरी तो खेळला. 2011 साली ते मूत्रपिंडही निकामी झाले आणि 18 नोव्हेंबर 2015 रोजी, वयाच्या 40 व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

मैदानावरील सामना 80 मिनिटांत संपतो. लोमूचा दुसरा सामना वीस वर्षे चालला, आणि त्यातील काही वर्षे त्याला दुसऱ्या एका माणसाच्या औदार्यामुळे लाभली. त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगताना त्या दात्याचेही स्मरण ठेवणे उचित होय.