लाल दिवा विझत नाही तेव्हा
गाडी समजून घेताना : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण बॅटरीचा लाल दिवा पाहिला. तो लागला तरी गाडी काही अंतर चालते, बहुतेकदा घरापर्यंत पोचता येतं. आजचा दिवाही लालच आहे, पण तिथे ही सवलत नाही. वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस असं त्याचं चित्र. काही गाड्यांत उद्गारचिन्हाऐवजी ‘पी’ हे अक्षर असतं, काहींत दोन्ही असतात. हा ब्रेकचा दिवा.

या दिव्याची तक्रार गॅरेजमध्ये बऱ्याचदा एकाच क्रमाने येते. दिवा लागला, बोनेट उघडून ब्रेक ऑइल टाकलं, दिवा विझला. काही आठवड्यांनी तो पुन्हा लागला आणि पुन्हा ऑइल टाकलं. तिसऱ्या वेळी मालक वैतागून म्हणतो, “सेन्सरच खराब दिसतोय, सॉकेट काढून ठेवा.” सॉकेट काढल्यावर दिवा खरोखर विझतो आणि गाडी रस्त्याला लागते. ब्रेकमधला दोष मात्र जिथे होता तिथेच राहतो, आणि आता तो सांगायला कुणी उरलेलं नसतं.

ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. पेडलवर पायाने दिलेला दाब चाकापर्यंत पोचवणं एवढंच त्याचं काम, आणि ते बंद नळ्यांत राहूनच चालतं. म्हणून डबीतलं ऑइल कमी झालं असेल तर ते कुठेतरी गेलेलं असतं. कुठे गेलं हे कळेपर्यंत दुरुस्ती झालेली नाही, असंच समजावं.

दिवा एक, कारणं अनेक

साध्या गाड्यांत या दिव्याला मुख्यतः दोन स्विच जोडलेले असतात. एक हँडब्रेकच्या दांड्याखाली आणि दुसरा ब्रेक ऑइलच्या डबीत. दोघांचं काम सारखंच : दिव्याच्या वायरला अर्थ देणं. दोघांपैकी कुणीही अर्थ दिला की दिवा लागतो. त्यामुळे वायरचं आवरण घासून आतली तार बॉडीला टेकली तरी तोच दिवा लागतो. एबीएस असलेल्या गाड्यांत एबीएसचा कंट्रोल युनिटही हा दिवा लावू शकतो.

शोध सोप्यापासून सुरू करावा. चावी ‘ऑन’ केल्यावर हा दिवा काही क्षण लागायला हवा. मुळीच लागत नसेल तर तोही दोषच आहे, कारण गरज पडेल तेव्हाही तो लागणार नाही. त्यानंतर हँडब्रेक पाहा. दांडा पूर्ण खाली जातो का? त्याच्या खाचेत नाणं, पेनचं टोपण, सीट कव्हरची पट्टी असं काही अडकलं आहे का? सपाट जागी, चाकांना अडण लावून, दांडा दोन-तीनदा वर-खाली करा. त्याबरोबर दिवा मिणमिणत असेल तर स्विच सरकला आहे किंवा गंजला आहे. हे काम किरकोळ असतं. दिव्याचा सगळ्यात निरुपद्रवी अर्थ हाच, म्हणून तो आधी तपासून बाजूला करायचा.

डबीतली पातळी काय सांगते

हँडब्रेक निर्दोष निघाला तर बोनेट उघडा. चालकाच्या बाजूला, मागच्या भिंतीजवळ, अर्धपारदर्शक प्लास्टिकची छोटी डबी दिसेल. तिच्यावर ‘मॅक्स’ आणि ‘मिन’ अशा दोन रेघा असतात. गाडी सपाट जागी ठेवून, झाकण न उघडता, बाहेरूनच पातळी पाहा. झाकण विनाकारण उघडू नये, कारण हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं.

पातळी ‘मिन’च्या आसपास असेल तर पुढचा प्रश्न : ती हळूहळू उतरली की झपाट्याने?

हळूहळू उतरणं स्वाभाविक असू शकतं. पुढच्या चाकांच्या डिस्क पॅडवरचा घर्षणाचा थर नवीन असताना साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. पॅड झिजतो तसा कॅलिपरमधला पिस्टन इंजेक्शनच्या दट्ट्यासारखा थोडा थोडा बाहेर येतो. त्याच्यामागे पडलेली जागा ऑइलने भरते आणि तेवढं ऑइल डबीतून कमी होतं. ऑइल गाडीतच आहे, फक्त जागा बदलली आहे. अशा वेळी दिवा आधी वळणावर, उतारावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर क्षणभर लागून विझतो, कारण डबीतलं ऑइल एका बाजूला कलतं आणि तरंगणारा फ्लोट खाली बसतो. पुढे तो कायमचा लागतो.

इथे नुसतं ऑइल टाकणं ही चूक आहे. थर ३ मिलिमीटरपर्यंत आला असेल तर पॅड बदलायची वेळ झाली आहे, आणि दिवा तेच सांगत होता. ऑइल टाकलं की दिवा विझतो, पॅड झिजतच राहतो आणि शेवटी धातूवर धातू घासून डिस्कही खराब होते. याउलट नवे पॅड बसवताना पिस्टन आत दाबावे लागतात आणि ऑइल आपोआप डबीत परत येऊन पातळी वर चढते. मध्ये कुणी डबी भरून ठेवली असेल तर ते बाहेर सांडतं. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉडीवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं.

गळती : चार जागा दिसणाऱ्या, दोन लपलेल्या

पॅड जाड आहेत, मागचे लायनरही ठीक आहेत आणि तरी काही आठवड्यांत पातळी खाली येते, म्हणजे गळती आहे. पहिली जागा मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर. त्याचं रबर गेलं की ऑइल लायनरवर उतरतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओला, मळकट डाग दिसतो. दुसरी पुढचा कॅलिपर. तिसरी चाकाजवळचा रबरी होज, ज्याला वर्षानुवर्षं वळून-ताणून चिरा पडतात. चौथी गाडीच्या पोटाखालून मागे जाणारे स्टीलचे पाइप. रत्नागिरी, मालवण, पणजीसारख्या समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातल्या चिखलाने हे पाइप क्लिपांखाली गंजतात. वरून पाहिलं तर गंज दिसत नाही, म्हणून गाडी रॅम्पवर घेऊन क्लिप हलवून बघायला सांगावं.

या चारही जागा कोरड्या निघाल्या की मेकॅनिक अनेकदा “गळती नाही” असं सांगून सेन्सरकडे वळतो. पण दोन जागा अजून उरलेल्या असतात.

एक आहे मास्टर सिलिंडरचं मागचं सील. ते गळलं तर ऑइल जमिनीवर पडत नाही. ते त्याला चिकटून असलेल्या बूस्टरच्या पोटात जातं. बाहेर थेंबही दिसत नाही. मास्टर सिलिंडरचे नट सैल करून तो किंचित पुढे घेतला की जोडावरची ओल दिसते.

दुसरी जागा ब्रेकमध्ये नाहीच, ती क्लचमध्ये आहे. हायड्रॉलिक क्लच असलेल्या अनेक गाड्यांत क्लचला स्वतंत्र डबी नसते. ब्रेक ऑइलच्या डबीतूनच एक बारीक नळी क्लचकडे जाते. क्लचचा सिलिंडर गळला तर पातळी या डबीचीच उतरते आणि दिवा ब्रेकचा लागतो. चारही चाकं उघडून काही सापडत नाही ते यामुळे. अशा गाडीत क्लच पेडलच्या वरच्या बाजूला हात घालून पाहा, तिथे ओल किंवा खालच्या मॅटवर तेलकट डाग आहे का? गिअरबॉक्सपाशी थेंब दिसतात का? गिअर जड पडतो, क्लच पेडल खालीच राहतं अशी तक्रार सोबत असेल तर संशय आणखी पक्का होतो. डबीतला क्लचचा फाटा सहसा ब्रेकच्या फाट्यांपेक्षा वर ठेवलेला असतो, त्यामुळे क्लच गळला तरी ब्रेकसाठी काही ऑइल शिल्लक राहतं. पण त्या भरवशावर दिवस काढू नयेत.

पातळी पूर्ण, तरीही दिवा

आता खऱ्या अर्थाने सेन्सरकडे वळायचं. डबीतल्या फ्लोटमध्ये छोटं चुंबक असतं. ऑइल कमी होऊन फ्लोट खाली आला की खालचा स्विच जुळतो. जुन्या गाड्यांत फ्लोटमध्येच ऑइल शिरतं आणि डबी भरलेली असूनही तो बुडून बसतो. तपासण्यापुरतं डबीचं सॉकेट काढा. दिवा विझला तर दोष फ्लोटचा किंवा स्विचचा. तसाच लागलेला राहिला तर हँडब्रेकच्या स्विचचं सॉकेट काढून बघा. तरीही विझला नाही तर वायरिंग किंवा कंट्रोल युनिट तपासावं लागेल. काही नव्या गाड्यांत सॉकेट काढणं हाच दोष धरला जातो आणि दिवा लागलेलाच राहतो, तिथे ही परीक्षा चालत नाही. परीक्षा झाली की सॉकेट परत बसवायचं, हे वेगळं सांगायला नको इतकं महत्त्वाचं आहे. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचा आणि ब्रेकचा दिवा जोडीने लागतो. तिथे ब्रेक सोडून आधी अल्टरनेटर तपासावा.

लाल दिव्यासोबत एबीएसचा पिवळा दिवाही लागला असेल तर गोष्ट निराळी. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे जातो आणि मागची चाकं हलकी होतात. त्यांना जास्त दाब मिळाला तर ती आधी जाम होतात आणि गाडी मागून फिरते. मागचा दाब मोजून देणाऱ्या व्यवस्थेला ईबीडी म्हणतात. हे दोन दिवे जोडीने लागले की बहुधा ही व्यवस्था बंद झालेली असते. पेडल नेहमीसारखं लागतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर मात्र फरक कळतो.

दिव्याला जे कळत नाही

दिवा फक्त पातळी पाहतो, ऑइल किती जुनं आहे हे त्याला कळत नाही. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी ३.७ टक्क्यांपर्यंत शिरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आंबोली किंवा कुंभार्ली घाट सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरताना पॅड आणि कॅलिपर खूप तापतात. जुनं ऑइल त्या उष्णतेने उकळलं तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत दाब पोचत नाही. डबी तेव्हा भरलेलीच असते आणि दिवाही विझलेला असतो. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी जुनं ऑइल काढून, नळ्यांतली हवा काढून, नवं भरावं. प्रत झाकणावर लिहिलेली असते, तीच वापरावी. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही टाकू नये. त्याने सगळी रबरं फुगतात आणि पूर्ण ब्रेक यंत्रणा उघडावी लागते.

चालत्या गाडीत दिवा लागला तर

आधी वेग कमी करा आणि पेडल दाबून पाहा. ते नेहमीच्या उंचीवर, घट्ट लागत असेल तर सुरक्षित जागी थांबून हँडब्रेक आणि पातळी तपासा. पेडल स्पंजासारखं लागत असेल किंवा खाली जात असेल तर गाडी पुढे नेऊ नका, टो करूनच न्या. आजच्या गाड्यांत ब्रेकची यंत्रणा दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत बहुधा पुढचं एक आणि त्याच्या तिरकसचं मागचं चाक, अशी जोडी असते. एक भाग गेला तरी दुसरा काम करतो, पण पेडल जास्त खाली जातं आणि थांबायला बरंच जास्त अंतर लागतं.

पेडल पूर्ण खाली गेलं तर ते भराभर पंप करा, खालचे गिअर टाका आणि हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं जाम होतील. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत तो ओढून धरल्यावर गाडी नियंत्रितपणे थांबते. तुमच्या गाडीत तो कसा चालतो ते पुस्तिकेत आजच वाचून ठेवा.

गाडी गॅरेजमधून परत घेताना ऑइल किती टाकलं हे विचारून भागणार नाही. ते कुठून गेलं हे विचारा. पॅडचा थर किती मिलिमीटर उरला आहे ते बिलावर लिहून घ्या. मग घरी डबीच्या बाहेरून पातळीवर टेपची एक पट्टी लावा, तिच्यावर तारीख टाका आणि आठवड्याने पुन्हा पाहा. पातळी पट्टीच्या खाली गेली असेल तर दिवा लागायची वाट न पाहता गाडी परत न्या. गळती अजून सापडलेली नाही.

(पुढच्या लेखांकात : एबीएसचा पिवळा दिवा आणि चाकांचे सेन्सर)