जागे माकड, त्याचा मेंदू आणि आपले पहिले शील

आपली मुले-मुली आता विज्ञान शाखेला जातात, एम.एस्सी. करतात, कोणी संशोधनाचीही स्वप्ने पाहतात. ही आनंदाची गोष्ट. पण मग एक प्रश्न घरात येतो. पंचशील घेतलेल्या माणसाने मुक्या प्राण्यावर प्रयोग करावा काय? तोही माकडावर, जागेपणी, मेंदूत तार घालून?

प्रश्न टाळण्यासारखा नाही. आधी हे काम का आणि कसे चालते ते पाहू.

मेंदूतील पेशी विजेच्या बारीक लहरींनी काम करतात. इंग्लंडच्या रिचर्ड केटन या डॉक्टरांनी १८७५ साली सशांच्या व माकडांच्या मेंदूवर ही वीज टिपल्याचे जाहीर केले. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली ती माणसाच्या डोक्यावरून नोंदवली. फिट येणाऱ्या पेशंटचा ई.ई.जी. काढतात तो यातूनच आला. फिट म्हणजे या विजेची तात्पुरती गडबड, बाहेरची बाधा नव्हे. तरी आपल्या वस्त्यांत अजून नाकाला चप्पल आणि कांदा लावणे चालूच आहे. मुलीला फिट येते हे लग्नापर्यंत लपवतात. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्यातून १९९९ साली फिटचा मुद्दा काढून टाकला गेला, हे किती घरांना ठाऊक आहे?

डोक्यावरून ऐकू येतो तो बाजाराचा गलका. एकेका पेशीचे बोलणे ऐकायचे तर केसासारखी बारीक तार आत घालावी लागते. माणसावर हे क्वचितच करता येते, म्हणून माकड. भूल दिलेला मेंदू पाहणे, ओळखणे, ठरवणे ही कामे करीत नाही, म्हणून जागे माकड. तार बसवताना भूल देतात आणि खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. पण जुन्या पद्धतीत माकडाला खुर्चीत बसवून डोके पक्के जखडतात आणि काम केले तरच रसाचा घोट देतात. दुखत नाही म्हणजे त्रास नाही, असे आम्ही म्हणणार नाही. जखडलेपण काय असते हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

याच मार्गाने अमेरिकेचे मॅलन डीलाँग यांनी कंपवाताचे कोडे उलगडण्यास मोठी मदत केली. थरथरणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत आज तार बसवतात, त्यामागे हे काम आहे. (त्या शस्त्रक्रियेचा खर्च लाखांत जातो, गिरणी कामगाराला तो परवडत नाही, हे दुखणे निराळेच.)

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण यांच्या प्रयोगशाळेने जखडण्याऐवजी दुसरी वाट धरली. तेथील माकडे आपल्याकडेही दिसणाऱ्या टोपी माकडांच्या जातीची आहेत. ती खोलीत मोकळी हिंडतात, पडद्याला हात लावून कोडे सोडवतात, रस पितात. मेंदूच्या नोंदी बिनतारी यंत्राने घेतात. हे काम २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यातील एका गोष्टीने आम्हांला फार आनंद झाला. एका नवख्या माकडाला मुद्दाम न शिकवता शिकलेल्या माकडांबरोबर सोडले, तर त्यांच्या संगतीत ते काम शिकले. शिकलेल्याने न शिकलेल्याला जवळ करावे, हे माकडांना जमते!

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत भेद केला आहे. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते, असे त्यांचे सांगणे. म्हणून आमचे मत असे की मुलांनी हे शिक्षण सोडू नये. मात्र दर प्रयोगाला विचारावे, याची गरज आहे काय? निम्म्या माकडांत भागले असते काय? जखडल्याशिवाय जमले असते काय?

हे विचारण्याची जागा कायद्यानेच दिली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली, प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत समिती लागते, आणि तिच्यावर विज्ञानाबाहेरचा, सामाजिक जाण असलेला एक सदस्य असावा लागतो. कोल्हापुरात वैद्यकीय आणि फार्मसीची महाविद्यालये आहेत. जेथे उंदीर-सशांवर प्रयोग होतात तेथेही हाच नियम. त्या खुर्चीवर कोण बसते, याची चौकशी आपल्या कार्यकर्त्यांनी करायला हरकत नाही.